तक्रार केबलवाल्याकडे, नोटीस कंपनीकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीकडे इंटरनेट सेवेचा 'ब' वर्गाचा परवाना आहे, क्षेत्र महाराष्ट्र. तालुक्याच्या गावांत स्थानिक केबलचालकांमार्फत तुम्ही घरोघरी फायबर देता. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटला आणि एका ग्राहकाचं नेट अकरा दिवस बंद राहिलं. त्याने सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. केबलचालक 'बघतो, करतो' म्हणत राहिला, दिवस काही वाढवून मिळाले नाहीत, आणि ग्राहक जिल्हा ग्राहक आयोगात गेला. तुमचे वकील म्हणतात, दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतच नाहीत, पहिल्याच तारखेला निकालात काढू. हे बरोबर का, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून कंपनीत काय करावं लागेल, असं तुम्ही विचारता.

वकिलांचं आधी घेतो. ते म्हणतात ते एके काळी खरं होतं. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातल्या कलम ७ब प्रमाणे असे वाद लवादाकडे जायचे, आणि त्याच कलमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ग्राहक मंचांना (आताचे ग्राहक आयोग) त्यातून बाहेर ठेवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं कंपन्यांच्या प्रत्येक जबाबात हा मुद्दा ठरलेला असायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात चित्र पालटलं. त्या ग्राहकाचं महिन्याचं सरासरी बिल ५५५ रुपये होतं आणि एका महिन्यात त्याला २४,६०९ रुपये ५१ पैशांचं बिल आलं. तो अहमदाबादच्या ग्राहक मंचाकडे गेला. न्यायालयाने स्पष्ट केलं की लवादाची सोय आहे एवढ्याने ग्राहक मंचाचा अधिकार संपत नाही. कुठे जायचं ते ग्राहकाने ठरवावं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर 'सेवे'च्या व्याख्येतच दूरसंचार आलेला आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तंटा निवारणाची तरतूद आहे, पण त्यामुळे ग्राहक कायद्याखालच्या हक्काला बाधा येत नाही हेही तिथेच लिहून ठेवलं आहे. तेव्हा अधिकारक्षेत्राचा मुद्दा जबाबात पहिला घालून काही हाती लागणार नाही. उलट आयोगाचं मत पहिल्या पानापासूनच तुमच्याविषयी कलुषित होतं, हे मी बऱ्याच प्रकरणांत पाहिलं आहे.

ग्राहक गोव्याचा असला तरी फरक पडत नाही. महाराष्ट्र परवाना क्षेत्रात मुंबई वगळून बाकी महाराष्ट्र आणि गोवा येतो, आणि २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्याला शुल्कही भरावं लागत नाही. म्हणजे पाचशे-सहाशे रुपयांच्या मासिक प्लॅनचा ग्राहकसुद्धा आयोगात जाऊ शकतो, आणि हल्ली जातो.

आता वकिलांशी वाद घालण्याआधी एक काम करा. नोटीस तुमच्या कार्यालयात नेमक्या कोणत्या तारखेला पोहोचली ते आवक नोंदवहीत बघा. त्या तारखेपासून तीस दिवसांत लेखी जबाब गेला पाहिजे. आयोग फार तर आणखी पंधरा दिवस देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२०मध्ये सांगितलेलं आहे. नोटीस रिसेप्शनवर पडून राहिली आणि बाजू चांगली असूनही जबाब देण्याचा हक्क गेला, हा या क्षेत्रातला नित्याचा प्रकार आहे. तांत्रिक माणसं चालवतात त्या कंपन्यांत तर जास्तच, कारण तिथे पाकिटं उघडणं हे कुणाचंच काम नसतं.

एवढं झालं की खऱ्या अडचणीकडे वळू. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य ओझरतं आलं आहे: 'आमच्या सिस्टिममध्ये या ग्राहकाची तक्रारच नोंदलेली नाही.' वकिलांना ही तुमची जमेची बाजू वाटत असणार. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे.

ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१२चे तक्रार निवारण विनियम एक गोष्ट गृहीत धरून लिहिलेले आहेत: काही बिघडलं तर ग्राहक कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करेल. मग त्याला डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळेल, तारीख-वेळ आणि निवारणाची मुदत एसएमएसने कळवली जाईल, काम झालं की तेही कळवलं जाईल. समाधान झालं नाही तर तो तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाईल, तिथे अपिलाला शुल्क नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय होईल. मोबाइलच्या बाबतीत हे बऱ्यापैकी घडतं. आपल्या तालुक्यांत फायबरच्या बाबतीत घडत नाही. ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे केबलवाला. कनेक्शन त्याने दिलं, पैसे तो घेतो, रिचार्ज तो मारतो, सणाला केबल बंद पडली तेव्हा रात्री दहा वाजता खांबावर तोच चढला होता. मग नेट बंद पडल्यावर ग्राहक त्यालाच फोन करणार, नाहीतर व्हॉट्सअॅपवर राउटरच्या लाल दिव्याचा फोटो टाकणार. ती तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. डॉकेट नाही, म्हणून मुदत सुरू होत नाही; मुदत नाही, म्हणून अपील नाही. ग्राहकाला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत, तो थेट आयोगात जातो. आणि आयोगासमोर तुम्ही 'तक्रारच आली नव्हती' म्हणता तेव्हा तो केबलचालकाबरोबरचे अकरा दिवसांचे संदेश काढून दाखवतो. तुमचं नाव, तुमचा लोगो, तुमची पावती आणि तुमचाच माणूस. तो पगारी नसून कमिशनवर आहे, हे सांगून सुटका होत नाही. परवाना तुमच्या नावावर आहे.

म्हणून अनुपालन कुठून सुरू करू असं कुणी विचारलं तर मी धोरणाच्या फाइलींपासून सुरू करत नाही. केबलचालकाच्या फोनवर आलेली तक्रार तासाभरात कंपनीच्या प्रणालीत कशी येईल, एवढंच आधी बघतो. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

ते कसं करायचं हे तुमच्या पसाऱ्यावर अवलंबून आहे. केबलचालक मोजके असतील तर त्यांच्यासाठी साधं अॅप किंवा वेबपान पुरतं: ग्राहक क्रमांक टाकला, बिघाडाचा प्रकार निवडला की डॉकेट तयार, आणि एसएमएस थेट ग्राहकाच्या नंबरवर. संख्या मोठी असेल तर मी उलट्या बाजूने जातो. बिलावर, पावतीवर आणि राउटरवर चिकटवलेल्या स्टिकरवर कंपनीचा तक्रार क्रमांक छापायचा, आणि केबलचालकालाच सांगायचं की 'मला फोन करा, पण आधी या नंबरवर मिस्ड कॉल द्या.' स्टिकरची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण नेट बंद असताना तुमच्या वेबसाइटवरचा नंबर कुणाला दिसणार?

यात केबलचालक कुरकुर करतात. त्यांची भीती खोटी नाही. डॉकेट निघालं की उशीर कागदावर येतो, आणि कंपनी उद्या त्यावरून कमिशन कापेल असं त्यांना वाटतं. मी करारात याचा उलटा नियम घालायला सांगतो. वेळेत नोंदलेल्या तक्रारीच्या उशिराची भरपाई कंपनी सोसेल. न नोंदलेल्या तक्रारीची भरपाई कमिशनमधून जाईल. हे एक कलम आलं की नोंदणी आपोआप वाढते. उशीर लपवण्यात फायदा असेल तोवर तो लपणारच.

दुसरा प्रश्न तक्रार बंद करण्याचा. लाइनमनने स्वतःच 'झालं' म्हणून टिकली मारायची पद्धत असेल तर ती लगेच थांबवा. ग्राहकाच्या मोबाइलवरच्या ओटीपीने, किंवा त्याचं सत्र (नेटची जोडणी) पुन्हा सुरू झाल्याची नोंद तपासूनच डॉकेट बंद व्हावं. तुमच्याकडे ही नोंद आहे, तिचा वापर मात्र कुणी करत नाही. रेडियस सर्व्हरवर, म्हणजे ग्राहकांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, प्रत्येक ग्राहकाचं सत्र कधी सुरू झालं, कधी तुटलं हे पडून असतं. ओएलटीवर, म्हणजे कंपनीच्या बाजूच्या फायबरच्या यंत्रावर, अलार्म असतात. ग्राहकाच्या घरची वीज गेली तर बंद पडता पडता ओएनयू (घरातलं फायबरचं यंत्र) एक शेवटचा संदेश पाठवतो, त्याला आपली मुलं 'डाइंग गॅस्प' म्हणतात. फायबर तुटला तर तो संदेश येत नाही, नुसता सिग्नल जातो. तेव्हा अकरा दिवसांपैकी किती दिवस दोष तुमच्या बाजूचा होता हे बऱ्याच अंशी ठरवता येतं. एका कंपनीत ग्राहक तीन आठवडे बंद म्हणत होता, केबलचालक दोन दिवस म्हणत होता, आणि रेडियसच्या नोंदी निघाल्यावर खरा आकडा दोघांच्या मधला निघाला. प्रकरण त्याच दिवशी मिटलं. सत्र नव्हतं म्हणजे लाइन बंदच होती असं मात्र धरू नका. घर बंद करून माणसं गावाला जातात, राउटर बंद असतो. सत्राची नोंद आणि ओएलटीचा अलार्म एकत्र वाचायचे.

या नोंदी किती दिवस ठेवायच्या? विनियमांप्रमाणे डॉकेट प्रणालीत किमान तीन महिने राहिलं पाहिजे, आणि अनेक कंपन्या तेवढंच ठेवतात. पण ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे. चौथ्या महिन्यात तुम्ही पुरावा पुसून टाकलात आणि नोटीस वीसाव्या महिन्यात आली, तर तुमच्याजवळ सांगायला काही उरत नाही. मी डॉकेट, एसएमएसची पोहोच आणि त्या ग्राहकाचा सत्र-अहवाल निदान तीन वर्षं ठेवायला सांगतो. जागा किती लागते? फार नाही. आयोगात हे देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेले नसतात, तरी ते जोडलं की समोरच्या वकिलाचा 'हा कागद कुणी बनवला' हा प्रश्न संपतो.

आता पैशांचं. अकरा दिवस बंद म्हणजे अकरा दिवसांचे पैसे परत, इतका साधा हिशेब ग्राहक करतो, आणि तत्त्वतः तो चुकीचा नाही. ट्रायचे सेवा गुणवत्तेचे नवे विनियम ऑगस्ट २०२४मध्ये निघाले आणि १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. त्यांत वायरलाइन सेवेचा बिघाड तीन दिवसांपलीकडे गेला तर भरपाईची तरतूद आहे, आगाऊ पैसे भरणाऱ्यांसाठीही. अख्ख्या जिल्ह्याची सेवा चार तासांहून जास्त बंद पडली तर ट्रायला कळवायचं, आणि चोवीस तासांहून जास्त गेली तर बिलात सूट किंवा वैधता वाढवून द्यायची, असंही त्यांत आहे. नैसर्गिक आपत्तीतली खंडितता यातून वगळलेली आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तुमच्या जबाबाच्या मसुद्यात हा शब्द नक्की येणार आहे: ठेकेदाराच्या जेसीबीने फायबर तोडणं ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा पूर वेगळा आणि गटार खोदताना तुटलेली केबल वेगळी. ठेकेदाराकडून नुकसान वसूल करायचं तर जरूर करा, पण तो तुमचा आणि त्याचा हिशेब.

या विनियमांतलं तुम्हाला नेमकं काय लागू होतं हे परवान्याचा प्रकार, सेवेचा प्रकार आणि ग्राहकसंख्या यांवर ठरतं. म्हणून प्रत्येक विनियमाचं पहिलं कलम, लागू होण्याचं, आधी वाचा आणि एका पानावर तक्ता करून ठेवा. पण यात फार अडकू नका, हेही सांगतो. ग्राहक कायदा ग्राहकसंख्या विचारत नाही. समजा ट्रायच्या एखाद्या तरतुदीतून तुम्ही लहान म्हणून सुटलात, तरी न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणं ही आयोगाच्या दृष्टीने सेवेतली त्रुटीच. माझ्याकडच्या कंपन्यांत मी सरळ नियम केला आहे: बिघाड चोवीस तासांपलीकडे गेला की जितके दिवस गेले तितकी वैधता आपोआप वाढेल, ग्राहकाने मागायची गरज नाही, आणि वाढवल्याचा एसएमएस जाईल. हिशेब विभाग आधी आकांत करतो. नंतर त्यांच्या लक्षात येतं की प्लॅनच्या दिवसाचा भाव वीस रुपये आणि एका तारखेला वकिलाला जाणारे पैसे, यांची तुलनाच होत नाही.

प्लॅनच्या जाहिरातीकडेही बघा, कारण तुमचं पुढचं प्रकरण तिथून येईल. केबलचालक गावात स्वतःच फ्लेक्स लावतात: 'अनलिमिटेड, १०० एमबीपीएस'. खाली बारीक अक्षरात तेवढ्या वेगाची डेटामर्यादा नसतेच. ट्रायच्या ऑक्टोबर २०१६च्या निर्देशाप्रमाणे मर्यादा किती, तिच्या आत वेग किती आणि ती संपल्यावर किती, हे तिन्ही सांगावं लागतं. शिवाय वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला कळवावं लागतं. मर्यादेनंतरचा किमान वेग तेव्हा ५१२ केबीपीएस ठरला होता. आता ब्रॉडबँडची व्याख्याच जानेवारी २०२३पासून २ एमबीपीएस झाली आहे, तेव्हा त्याखाली उतरून स्वतःला ब्रॉडबँड म्हणवणं मला तरी पटत नाही. फ्लेक्सचा मजकूर कंपनीने मंजूर केल्याशिवाय लागणार नाही हे करारात घाला, आणि मंजूर मजकुराची छपाईला तयार फाइल तुम्हीच द्या. नुसती बंदी घातली तर फ्लेक्स लागतातच, फक्त तुम्हाला कळत नाही.

अॅपवरून रिचार्ज घेत असाल तर नोव्हेंबर २०२३ची डार्क पॅटर्नची (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या डिझाइनची) मार्गदर्शक तत्त्वं डिझाइन करणाऱ्या मुलाला वाचायला द्या. ओटीटी पॅक किंवा राउटरचा विमा आधीच टिक करून ठेवणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला कार्यालयात या म्हणणं, हे त्या तेरा प्रकारांत मोडतं. राउटरच्या डिपॉझिटचंही तसंच. सेवा सात दिवसांत बंद आणि डिपॉझिट ४५ दिवसांत परत, हा नव्या विनियमांचा हिशेब आहे. डिपॉझिट केबलचालकाने रोखीत घेतलं आणि तुमच्या खात्यात आलंच नाही, तरी ग्राहकाच्या हातातल्या पावतीवर नाव तुमचंच. रोख डिपॉझिट बंद करा.

प्रचाराच्या फोन-एसएमएसबद्दल फक्त एवढंच. नूतनीकरणाची आठवण आणि नव्या प्लॅनची जाहिरात हे दोन वेगळे संदेश आहेत, डीएलटीवर (व्यावसायिक संदेश नोंदवायच्या प्रणालीवर) त्यांचे वेगळे टेम्प्लेट लागतात. केबलचालकाच्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवरून शंभर जणांना 'नवीन ऑफर' म्हणून फोन केले आणि लोकांनी १९०९वर तक्रार केली, तर त्याचा नंबर बंद होऊ शकतो. प्रचाराच्या फोनला १४०ची मालिका आहे.

अपील प्राधिकरणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते तुमच्याकडे बहुधा कागदावरच असणार. अपिलावर मत द्यायला ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा एक आणि कंपनीचा एक असे दोन सदस्यांची सल्लागार समिती असते. जिथे तो बाहेरचा सदस्य खरोखर फाइल वाचतो, तिथे आयोगात जाणारी प्रकरणं कमी होतात, कारण ग्राहकाला कुणीतरी ऐकल्यासारखं वाटतं. मात्र ग्राहक अपिलात न जाता थेट आयोगात गेला, ही तक्रार तुमच्या जबाबात लिहू नका. अपील करणं त्याच्यावर बंधनकारक नाही.

राहिलं हातातलं प्रकरण. मी तुमच्या जागी असतो तर असा जबाब दिला असता: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सेवा बंद होती हे आमच्या नोंदींवरून दिसतं, तुटण्याचं कारण हे, तेवढ्या दिवसांचं शुल्क आणि त्यावर एक वाजवी रक्कम आम्ही द्यायला तयार आहोत, आणि ग्राहक कायद्याच्या कलम ३७खाली मध्यस्थीला आमची संमती आहे. मानसिक त्रासाची मोठी रक्कम मागितली असेल तर तिच्यावर वाद घाला, तो तुमचा हक्क आहे. बंद दिवसांवर वाद घालू नका. केबलचालकाला पक्षकार करून घ्यायचं का, हे तुमच्या करारात भरपाईचं कलम काय म्हणतं त्यावर ठरेल. ते कलम नसेल तर त्याला आयोगात ओढून तुमच्या हाती फक्त त्या गावातली भांडणं येतील. आधी त्याच्याकडून त्या ग्राहकाबरोबरचे सगळे संदेश मागवून घ्या, न पुसता. ग्राहकाने ते जोडलेलेच असतील, आणि तुम्ही ते पहिल्यांदा आयोगात वाचू नयेत.